भंगारवाला नेत नाही त्या कचऱ्याच्या नोंदी

25 ऑगस्ट 2024

सोसायटीतला ओला कचरा खड्ड्यात जिरतो. कागद, काच, पत्रा आणि बरेचसे प्लास्टिक 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई नेतात. या दोन्हीत न बसणारे जे उरते त्याच्यासाठी ही वही. पुण्यात असा कचरा वर्षभर सारखा येत नाही, सणावारी येतो. म्हणून गणपती, नवरात्राआधीची झाडलोट, दिवाळी आणि संक्रांत असे चार टप्पे धरले आहेत.

वहीचे रकाने पाच: तारीख, वस्तू, वजन, घरातून निघतानाची स्थिती (स्वच्छ, मळकी की मिसळलेली) आणि शेवटचा मुक्काम. शेवटचा रकाना भरता येत नसेल तर ती वस्तू गोळा करायची नाही. अपवाद फक्त घातक कचऱ्याचा, कारण तो कोणाच्याही बादलीत जाऊ द्यायचा नाही.

या नियमात 'टाकाऊतून टिकाऊ'चे बरेच प्रकार गळतात. प्लास्टिकच्या बाटलीला टिकल्या, गोंद आणि सोनेरी कागद लावून पेनस्टँड केला की तो वर्षभर टेबलावर राहतो आणि मग कचऱ्यातच येतो. फरक इतकाच, की साधी बाटली भंगारवाला घेत होता, सजवलेली घेत नाही. वेफर्सची पाकिटे बाटलीत ठासून केलेली 'इकोब्रिक' ही सुद्धा साठवण आहे, पुनर्वापर म्हणता येणार नाही. तिला निदान घनतेचा तरी निकष आहे: एक लिटरच्या बाटलीत किमान 330 ग्रॅम भरले पाहिजे. त्याहून हलकी वीट दाबली की चेपते. भिंतीत बसवायची निश्चित जागा असेल तरच भरावी. आपल्याकडे तशी जागा नाही, म्हणून हा रकाना बंद.

सामान: 50 लिटरची झाकणाची प्लास्टिक पिंपे, 20 लिटरच्या बादल्या, हुकाचा काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, मच्छरदाणीची नायलॉन जाळी, मलमल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गॉगल, पीएच (आम्ल की अल्कली ते दाखवणाऱ्या) पट्ट्या. पितळी, तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची भांडी या कामात नकोत. कारण पुढच्या नोंदींत येईलच.

1 सप्टेंबर 2024

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नकोत. तरी त्या घरोघरी येतातच, त्यामुळे तयारी दोन्हींची: शाडू आणि पीओपी.

पीओपी पाण्यात विरघळत नाही, नुसते मऊ होऊन तुकडे पडतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली आणि महापालिका ही पावडर गणपतीत वाटते. बिस्किटवाले बेकरीत जो 'अमोनिया' वापरतात तो हाच. खाण्याचा सोडा वेगळा. तो सोडियम बायकार्बोनेट असतो, त्याने झाडांना चालेल असे द्रावण मिळत नाही. घरातल्या डब्यातला सोडा टाकून पाहण्यात अर्थ नाही.

किती लागतो याचा हिशेब एकदा मांडून ठेवू. घट्ट झालेले पीओपी म्हणजे जिप्सम. 1 किलो जिप्समला सुमारे 920 ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागते. त्यातून साधारण 580 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची पांढरी भुकटी, आणि 770 ग्रॅम अमोनियम सल्फेट तयार होते. अमोनियम सल्फेट हे नेहमीचे नत्रखत. शिवाय 250 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड उडून जातो. म्हणून 'मूर्तीच्या वजनाइतकी पावडर' हा सोपा नियम बरोबर बसतो, थोडी जास्तीच पडते.

पाण्याचे प्रमाण: 1 किलो पावडरला 5 ते 6 लिटर. 20 अंशाला एक लिटर पाण्यात जेमतेम 215 ग्रॅम पावडर विरघळते, त्यामुळे पाणी कमी घेतले तर ती तळाशीच बसते. पाणी गरम करू नये. साधारण 40 अंशांच्या जवळ ही पावडर फुटते आणि अमोनिया निघून जातो, मग मूर्तीसाठी काही उरत नाही. गेल्या वर्षीचे उघडे पाकीटही याच कारणाने कामाचे नसते, त्याचे वजन आपोआप घटलेले असते.

प्रत्येक घराला चिठ्ठी दिली: मूर्ती आणताच तिचे वजन करून लिहून ठेवा. काटा नसेल तर मूर्ती हातात घेऊन वजनाच्या यंत्रावर उभे राहा आणि नंतर स्वतःचे वजन वजा करा. पाटावर बसवल्यानंतर ते जमत नाही आणि विसर्जनाच्या दिवशी कोणाला सुचत नाही.

8 सप्टेंबर 2024

दीड दिवसाचे गणपती. पहिली पिंपे जिन्याखाली न ठेवता मागच्या मोकळ्या जागेत ठेवली. अमोनियाचा वास बंद जागेत डोळ्यांना झोंबतो.

क्रम असा. उत्तरपूजेनंतर हार, वस्त्र, मोत्याच्या माळा, खडे, टिकल्या, काचेचे डोळे, मुकुटाची पत्री सगळे उतरवायचे. पावडर आधी पाण्यात ढवळून घ्यायची. पाणी गार पडते, ते साहजिक आहे. मग मूर्ती आत.

पीओपीची मूर्ती आतून पोकळ असते. सरळ सोडली तर बुडाखाली हवा अडकते, मूर्ती तरंगते आणि वरचा भाग कोरडा राहतो. थोडी तिरपी करून हवा निघू द्यावी, मग आडवी ठेवावी. मूर्ती फोडून टाकली तर काम लवकर होते हे खरे, पण घरच्यांना ते रुचत नाही आणि त्याची गरजही नाही.

पिंप निम्म्याहून जास्त भरायचे नाही, फेस चढतो. झाकण नुसते वर टेकवायचे, आटे लावून कधीच बंद करायचे नाही. आत वायू सतत तयार होत असतो, बंद पिंप फुगून फुटेल.

दिवसातून तीन-चार वेळा ढवळणे हा या कामाचा गाभा. मूर्तीच्या पृष्ठभागावर तयार झालेला खडू तिथेच साय धरतो आणि आतल्या जिप्समपर्यंत पाणी पोहोचू देत नाही. पावडर बरोबर टाकूनही 'आमची विरघळली नाही' अशी तक्रार येते ती बहुतेक न ढवळल्यामुळे. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून नारळाच्या शेंडीने मूर्ती हलकेच घासली की साय निघते.

10 सप्टेंबर 2024

48 तासांची मुदत छोट्या मूर्तीला पुरते. जाड बुडाच्या, मोठ्या मूर्तीला जास्त लागते, विशेषतः तैलरंग असेल तर. पोस्टर रंग पाण्यात सुटतो. तैलरंगाची कातडी तशीच राहते आणि तिच्याखालचे पीओपी सुरक्षित राहते. अशा ठिकाणी काथीच्या ब्रशने रंग खरवडायचा. मोठ्या मूर्तीच्या आत बळकटीसाठी काथ्या भरलेला असतो. तो वर येतो, धुऊन सुकवला की झाडांच्या कुंडीत बुडाला घालता येतो.

एका पिंपातले पाणी निळसर झाले. सोनेरी रंगात पितळेची भुकटी असली की त्यातले तांबे अमोनियाच्या पाण्यात उतरते, त्याचा हा निळा. असे द्रावण झाडांना घालायचे नाही, वेगळ्या कॅनमध्ये 'तांबे' असे लिहून घातक कचऱ्यात ठेवायचे. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीत ओळ वाढवायची: सोनेरी मुकुट आणि दागिने पिंपात घालण्याआधी पॉलिश पेपरने घासून घ्या, ती भुकटी कागदात बांधून वेगळी द्या.

काम पूर्ण झाले का, याची चाचणी: तळातला गाळ चिमूटभर घेऊन दोनदा पाण्याने धुवायचा आणि अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये टाकायचा. खडू फसफसतो आणि पूर्ण विरघळतो. न फसफसता खाली पांढरी कच उरली तर ते जिप्सम. म्हणजे पिंपात आणखी पावडर किंवा आणखी ढवळणे बाकी आहे. नुसता फेस येतो का हे पाहून थांबू नये, अर्धवट झालेला गाळही फसफसतो.

13 सप्टेंबर 2024

काल गौरी-गणपतींचे विसर्जन. शाडूच्या मूर्ती जास्त आल्या. शाडूच्या म्हणून आलेल्यांत पीओपीही असते, विकत घेताना सांगितलेले नेहमी खरे नसते. ओळख सोपी. मागच्या बाजूचा न रंगवलेला कोपरा खरवडून तुकडा पाण्यात टाका. शाडू तासाभरात पसरून चिखल होतो, पीओपीचा तुकडा तसाच राहतो. बोटाने चोळली तर शाडू गुळगुळीत लागते, पीओपी कचकच करते.

ही वेगवेगळी ठेवण्याचे कारण मूर्तिकाराच्या हातात आहे. शाडूत पीओपीचा चुरा मिसळला की माती वळताना गुठळ्या येतात आणि वाळताना तडे जातात. एका पिंपात एक पीओपीची मूर्ती गेली तरी सगळी माती परत घ्यायला कोणी तयार होत नाही. कागदाच्या लगद्याच्या मूर्तीही शाडूत नकोत.

शाडूचे काम: मूर्ती पूर्ण सुकवून घ्यायची. ओली टाकली तर ती बाहेरून चिकट होते आणि आत पाणी जात नाही, खडखडीत वाळलेली माती मात्र पाणी पिऊन आपोआप ढासळते. रंग आधीच खरवडून काढायचा. रात्रभर भिजवून ढवळायचे, नायलॉन जाळीतून गाळायचे. रंगाच्या खपल्या, तारा, काड्या जाळीवर राहतात. गाळलेले पाणी दोन दिवस स्थिर ठेवले की माती खाली बसते. वरचे पाणी नळीने हळू काढायचे, बादली तिरकी केली तर बारीक माती निम्मी वाहून जाते. उरलेला गाळ जुन्या धोतरात किंवा सुती साडीत बांधून टांगायचा. लोण्यासारखा घट्ट झाला की जाड पिशवीत भरायचा.

ही माती गुजरातेतल्या भावनगरकडून येते, पेणचे कारखानेसुद्धा तीच वापरतात. खणून आणलेली, मर्यादित वस्तू आहे. पुण्यात 'पुनरावर्तन' मोहिमेतून जमा झालेली शाडू माती मूर्तिकारांकडे परत जाते. वहीत शेवटचा मुक्काम: मूर्तिकार.

18 सप्टेंबर 2024

अनंत चतुर्दशी काल झाली. आज निर्माल्य.

निर्माल्यात खरा त्रास फुलांचा नाही, दोऱ्याचा. हार तसाच खड्ड्यात गेला की दोरा फावड्याला गुंडाळतो आणि श्रेडरच्या पात्यात अडकतो. हार घेताना दोरा ओढून काढणे सोपे असते, चार दिवसांनी फुले लगदा झाल्यावर ते कोणीही करत नाही. म्हणून निर्माल्याच्या टोपलीजवळ कात्री बांधून ठेवली आहे. प्लास्टिकच्या दूर्वा आणि चकाकती झालर यासाठी वेगळी पिशवी.

फुले फार पाणीदार. दोन घमेली फुलांना एक घमेले सुका पाला, वर मूठभर जुने खत. सुका पाला न घालता झेंडूचा ढीग लावला तर खालून काळे पाणी सुटते आणि आंबट वास येतो. मिश्रण मुठीत दाबले तर बोटांतून पाणी ठिबकू नये. नारळाची शेंडी आणि करवंटी खतात घालायची नाही, वर्षभरात काही होत नाही. शेंडी उकलून कुंड्यांत, करवंट्या बंबात. दिव्याच्या तेलकट वाती खतात चालतात, मूठभरच असतात. शेंदूर लावलेली पाने-फुले मात्र बाजूला, शेंदरात शिसे असते.

थर्माकोलची मखरे अजूनही निघतात. राज्याच्या मार्च 2018 च्या अधिसूचनेत सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरी माळ्यावरची जुनी मखरे बाहेर येतातच. रंग आणि चमकी लागलेले थर्माकोल कोणी घेत नाही. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातले पांढरे, स्वच्छ तेवढे वेगळे बांधून ठेवले तर जाते. मखराचे मालक पुढची काही वर्षे तेच वापरतील, हाच त्याचा मुक्काम.

22 सप्टेंबर 2024

पीओपीची पिंपे निवळली. वरचे द्रावण फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरले, रंगाच्या कातड्या वाळवून घातक कचऱ्यात.

द्रावण किती पातळ करायचे: 2 किलो मूर्ती आणि 12 लिटर पाणी धरले तर लिटरला सुमारे 125 ग्रॅम अमोनियम सल्फेट होते. तसेच कुंडीत ओतले तर मुळे जळतात. कुंड्यांना 100 पट पाणी, म्हणजे 10 लिटरच्या झारीत 100 मिलि. हिरवळ आणि मोठ्या झाडांना 50 पट चालेल. वास डोळ्यात जात असेल तर अजून न वापरलेला बायकार्बोनेट शिल्लक आहे, काही दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. पालेभाज्या, कढीपत्ता, तुळस यांना नाही, रंगात काय होते ते आपण तपासलेले नाही. आणि सिमेंटच्या फरशीवर सांडू नये. अमोनियम सल्फेट काँक्रीट खाते, डाग राहतो तो वेगळाच.

खडूचा गाळ हा अडचणीचा भाग आहे. 'बागेत टाका' हा सल्ला सर्रास मिळतो. आपल्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी भरपूर असते, त्यात आणखी चुना घालून लोह आणि जस्ताची उपलब्धता कमीच होते. पाने पिवळी पडतात आणि दोष भलत्याच गोष्टीला जातो. लाल, आम्ल मातीत, कोकणासारख्या ठिकाणी, तो उपयोगी पडेल. इथे तो तीन पाण्यांनी धुऊन, वाळवून, गोणीत ठेवला आहे. झाडांच्या पाराच्या भेगा बुजवताना वाळूबरोबर थोडा जाईल. त्याआधी व्हिनेगरची चाचणी पुन्हा, कारण जिप्सम राहिले असेल तर सिमेंट फुगते.

29 सप्टेंबर 2024

घटस्थापना 3 ऑक्टोबरला. घराघरांत झाडलोट, माळे रिकामे.

कपडे: जरीच्या साड्या आणि धड कपडे बोहारणीला. तिला ढीग देण्याआधी उसवलेले, डागाळलेले वेगळे काढले तर भांडे चांगले मिळते. नुसता सुती फाटका कपडा गॅरेजला पुसायला लागतो, त्यातले पॉलिस्टर ते बाजूला फेकतात. गोधडीला सुती साडी, धोतर, जुनी दुलई. पॉलिस्टरची साडी मधल्या थरात घातली तर सरकते आणि टाके धरत नाही. लेगिंग्ज आणि इलास्टिकचे कपडे यांना मुक्काम सापडलेला नाही.

कापसाच्या गाद्या पिंजून पुन्हा भरता येतात. फोमच्या नाही. गादी देण्याआधी ती भिजलेली नाही हे पाहणे, ओल लागलेला कापूस पिंजताना तुटतो.

जुने एक्स-रे: फिल्मवर चांदीचे संयुग असते म्हणून ते विकत घेणारे आहेत. कागदी पाकीट काढून फिल्म वेगळी करायची आणि नाव-तारखेचा कोपरा कापून टाकायचा. घरी ब्लीचमध्ये बुडवून चांदी काढण्याचे प्रयोग करू नयेत, चांदी गटारात जाते आणि हाती प्लास्टिकचा तुकडा राहतो.

औषधे, थर्मामीटर, सीएफएल, बॅटऱ्या, सुया, रंगाचे डबे, कीटकनाशकाच्या बाटल्या: 2016 च्या घनकचरा नियमांत हा सगळा 'घरगुती घातक कचरा'. दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावे असे त्या नियमांत होते. आपल्याकडे त्याचा एकच कुलूपबंद पेटारा, आत चार डबे.

लिथियम बॅटऱ्या: दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावल्याशिवाय डब्यात नाहीत. एकमेकींना टोके लागली की तापतात, कचऱ्याच्या गाडीत आग लागण्याचे हे नेहमीचे कारण. फुगलेली मोबाइलची बॅटरी कोरड्या वाळूच्या बादलीत, एकटी. ती दाबू नये, टोचू नये. बटण बॅटऱ्यांनाही दोन्ही बाजूंनी पट्टी.

सीएफएल फुटला तर: खिडक्या उघडून माणसांनी पंधरा मिनिटे बाहेर जायचे, पंखा बंद. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नये, पारा हवेत उडतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करायचे, बारीक चुरा चिकटपट्टीने उचलायचा, सगळे काचेच्या बरणीत घालून झाकण लावायचे. पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण सतरंजीत मुरला की निघत नाही.

गोळ्यांची रिकामी पाकिटे: वर ॲल्युमिनियम, खाली बहुधा पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेले प्लास्टिक. घरी सोलून वेगळे करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. पीव्हीसीमुळे जाळायलाही नको. मुक्काम रिकामा.

विंचरून निघालेले लांब केस: केसांवर भांडी देणाऱ्या बाया अजून येतात. गुंता चालतो, न्हाव्याकडचे कापलेले तुकडे नाही. ते खड्ड्यात पातळ पसरून घालता येतात, गोळा करून टाकले तर गादीसारखा थर होतो आणि पाणी खाली जात नाही.

27 ऑक्टोबर 2024

फराळ सुरू. प्रत्येक मजल्यावर तळणीच्या तेलासाठी स्टीलचा झाकणाचा डबा. चिठ्ठी: तेल पूर्ण गार करून ओता, पाणी नको, तूप-वनस्पती वेगळे, मासे तळलेले वेगळे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 पासून लागू झालेल्या नियमानुसार तेलातली ध्रुवीय संयुगे (तेल तापून तापून खराब होताना वाढणारी) 25 टक्क्यांवर गेली की ते खायला वापरायचे नाही. घरी मोजायचे साधन नसते. फेस येणे, घट्ट होणे आणि कमी आचेवर धूर या खुणा पुरेत. मोरीत ओतलेले तेल ड्रेनेजमध्ये गोठते आणि त्यावर साबण बसून दगड होतो.

4 नोव्हेंबर 2024

भाऊबीज काल झाली. फुलबाज्यांच्या तारा लोखंडाच्या, वर बेरियमच्या क्षारांची राख. रात्रभर पाण्यात ठेवून, पुसून, चुंबकाने तपासून भंगारात. फटाक्यांचा कागद आणि राख खतात अजिबात नाही, त्यात धातूंचे क्षार असतात. न उडालेले फटाके पाण्याच्या बादलीत रात्रभर. कोरडे कचऱ्यात गेले तर सकाळी ताईंच्या हातात जातात.

पणत्या: तेल प्यायलेल्या मातीच्या पणत्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवल्या की पुढच्या वर्षी चालतात. फुटक्या पणत्या कुंडीच्या भोकावर.

तेल: फडक्यातून गाळून, गरम मिठाच्या पाण्याने धुतले. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा मीठ, तेलाच्या निम्मे पाणी, हळुवार ढवळायचे. जोरात घुसळले तर बेसनाच्या कणांमुळे तेल-पाण्याचा पांढरा रबडा होतो आणि दोन दिवस सुटत नाही. रात्रभर ठेवून वरचे तेल काढून घेतले, मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत तापवले.

10 नोव्हेंबर 2024

साबण. प्रमाण एका खेपेचे:

वापरलेले शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल 750 ग्रॅम
खोबरेल 250 ग्रॅम
कॉस्टिक सोडा 140 ग्रॅम
पाणी 330 ग्रॅम

सगळे वजनाने, मापट्याने नाही. हिशेब: शेंगदाणा-सूर्यफुलाला ग्रॅममागे सुमारे 0.135 ग्रॅम सोडा, खोबरेलाला 0.183. बेरीज 147, त्यातून 5 टक्के कमी करून 140. हे 5 टक्के तेल मुद्दाम न मुरलेले ठेवायचे, म्हणजे मोकळा सोडा उरत नाही. पाम तेल असेल तर त्याला 0.141 लागतो, पण 140 ग्रॅममध्ये तेही सुरक्षित बसते, साबण किंचित जास्त तेलकट होतो इतकेच. खोबरेल नसेल तर साबण मऊ राहतो आणि फेस कमी.

सोडा 'फ्लेक्स' स्वरूपात घ्यायचा. नाली साफ करायची पावडर नको, तिच्यात ॲल्युमिनियमचे कण असतात. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचे नाही, उसळून तोंडावर येते. स्टीलचे किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचे भांडे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ज्वलनशील हायड्रोजन निघतो आणि पातेले जाते. उघड्यावर, गॉगल आणि हातमोजे घालून. अंगावर उडाले तर भरपूर वाहते पाणी. लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नये.

द्रावण आणि तेल दोन्ही 40 अंशांच्या आसपास आले की द्रावण धारेने तेलात. हाताने ढवळायला तास-दीड तासही लागतो. जुने तेल नव्यापेक्षा लवकर घट्ट होते. चमच्याने वर टाकलेली रेघ क्षणभर उमटून राहिली की साच्यात ओतायचे. थंडीत वनस्पती तूप मिसळलेले तेल नुसते गोठून घट्ट दिसते, ते फसवे. किंचित कोमट करून पुन्हा ढवळून पाहावे. साचे: आइस्क्रीमचे डबे. दोन दिवसांनी काढून कापायचे, सहा आठवडे हवेशीर फळीवर.

24 नोव्हेंबर 2024

फळीवरच्या वड्यांचे निरीक्षण. वर पांढरी पूड आली आहे ती धुण्याच्या सोड्यासारखी, निरुपद्रवी, पुसली की जाते. कापल्यावर आत पाण्याचे थेंब किंवा चकाकते खडे दिसले तर तो मोकळा कॉस्टिक. ती वडी किसून, थोडे पाणी घालून, मंद आचेवर पुन्हा शिजवायची. तळाशी तेल सुटले असेल तर ढवळणे अपुरे होते.

हळदीच्या कागदाची चाचणी करू नये. हळद कुठल्याही साबणाला लाल होते, चांगल्या आणि वाईट दोन्हींना. पीएच पट्टी वापरावी: ओल्या वडीवर 9 ते 10 ठीक, 11 च्या वर असेल तर वडी फळीवरच राहू दे.

22 डिसेंबर 2024

सहा आठवडे झाले. वड्या फरशी, पायपुसणी आणि कढया यांच्यासाठी वाटल्या. अंगाला नाही. तळणीचा वास खोबरेलानेही पूर्ण जात नाही, लसणाचा तर नाहीच. बोअरच्या पाण्यात याला फेस येत नाही, पांढरा साका धरतो. बसाल्टातल्या, म्हणजे इथल्या काळ्या खडकातल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असते म्हणून. नळाच्या पाण्यात चांगला चालतो. वड्या पुढच्या तीन-चार महिन्यांत संपवायच्या, जुन्या तेलाच्या साबणावर नारिंगी ठिपके पडून खवट वास येतो.

जमलेले सगळे तेल साबणात घालण्याइतका साबण लागत नाही. उरलेले बायोडिझेलसाठी नेणाऱ्यांना. ते ठरावीक लिटरांच्या खाली येत नाहीत, म्हणून शेजारच्या दोन सोसायट्यांबरोबर डबे एकत्र.

19 जानेवारी 2025

संक्रांतीचा मांजा. नायलॉन मांजावर 2017 पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची बंदी आहे, पण कटलेल्या पतंगांबरोबर तो गच्चीवर, केबलवर, झाडांत येतोच. साधा सुती दोरा दोन बोटांनी ताणला की तुटतो आणि जाळल्यावर कागदासारखी राख होते. नायलॉन तुटत नाही, जळताना वितळून कडक गोळी होते. एवढे पाहून वेगळे करायचे.

सुती मांजावर काचेची भुकटी असते म्हणून तो खतात नाही. नायलॉन मांजा पुनर्वापराला कोणी घेत नाही. शेवटच्या रकान्यात दोन्हींना एकच नोंद: कचऱ्यात, पण बांधून. गोळा करताना जाड चामडी हातमोजे, बोटाला गुंडाळायचा नाही. बोटभर लांबीचे तुकडे कात्रीने करायचे, लांब दोरा तसाच गेला तर पक्ष्यांच्या पायात आणि ताईंच्या ढकलगाडीच्या चाकात अडकतो. तुकडे जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून बूच लावायचे, बाटलीवर मार्करने 'मांजा' लिहायचे आणि ती सुक्या कचऱ्यात न मिसळता ताईंच्या हातात द्यायची.

झाडांतला मांजा काढायला बांबूच्या टोकाला वाकडी तार. वीजवाहिनीवर अडकलेल्याला हात लावायचा नाही, बांबूही लावायचा नाही. त्याची नोंद वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकावर. तीन ठिकाणे कळवली आहेत, दोन निघाली, ब विंगच्या मागची बाकी.